लिझ स्मिथ

लिझ स्मिथ (मूळ नाव: बेटी ग्लीडल, जन्म: ११ डिसेंबर १९२१, स्कन्थॉर्प, लिंकनशायर, इंग्लंड, मृत्यू: २४ डिसेंबर २०१६) या एक ब्रिटिश चरित्र अभिनेत्री होत्या. चित्रपट व दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत त्यांनी सुमारे चार दशके काम केले. वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत त्या व्यावसायिक अभिनयक्षेत्रात जवळजवळ अज्ञात होत्या. १९७० च्या नाताळच्या सुमारास लंडनमधील एका खेळण्यांच्या दुकानात विक्रेतीचे काम करीत असताना त्यांना दिग्दर्शक माइक ली यांच्याकडून चित्रपटाचे बोलावणे आले आणि त्यांच्या कारकिर्दीला सुरुवात झाली. 'अ प्रायव्हेट फंक्शन' (१९८४) या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. 'द व्हिकार ऑफ डिब्ली' आणि 'द रॉयल फॅमिली' (हे 'रॉयल' आडनाव असून त्याचा राजघराण्याशी संबंध नाही) या दूरचित्रवाणी मालिकांमुळे त्या ब्रिटनमध्ये घराघरांत ओळखल्या जाऊ लागल्या.

चरित्र अभिनेत्री म्हणजे कथेतील नायिकेची नव्हे, तर आई, आजी, शेजारीण, मोलकरीण, घरमालकीण अशी ठळक स्वभाववैशिष्ट्ये असलेली पात्रे रंगवणारी अभिनेत्री. अशा भूमिकांना पडद्यावर वेळ थोडा मिळतो. त्या थोड्या वेळात माणूस उभा करावा लागतो. स्मिथ यांच्या बहुतेक भूमिका वृद्ध स्त्रियांच्या होत्या.

बालपण

बेटी ग्लीडल यांचा जन्म स्कन्थॉर्प शहरातील क्रॉस्बी या भागात झाला. स्कन्थॉर्प हे पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले औद्योगिक शहर आहे. बेटी दोन वर्षांच्या असताना त्यांच्या आईचा बाळंतपणात मृत्यू झाला. त्या सात वर्षांच्या असताना वडिलांनी दुसरे लग्न केले. पूर्वीच्या संसाराशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, असा नव्या पत्नीचा आग्रह होता. त्यामुळे वडील मुलीला सोडून गेले. आईवडील दोघांनाही गमावलेल्या या मुलीला आजीने वाढवले.

आजोबांचा बेटीला लळा होता. ते तिला लहान वयातच चित्रपट पाहायला नेत असत. हा काळ मूकपटांचा होता. संवाद ऐकू येत नसताना चेहरा, हात, चाल आणि देहबोली यांवरून पात्राचा स्वभाव ओळखावा लागे. पुढे त्यांच्या अभिनयात शब्दांपेक्षा नजर आणि विराम यांना जे महत्त्व दिसते, त्याची तुलना या पहिल्या संस्कारांशी करण्याचा मोह होतो. अभिनयाची ओढ शाळकरी वयातच निर्माण झाली. परंतु नाट्यशिक्षण घेण्याची आणि तरुणपणीच व्यावसायिक रंगभूमीवर जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

युद्धकाळ आणि भारतातील वास्तव्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या 'विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिस' या ब्रिटिश नौदलाच्या महिला शाखेत दाखल झाल्या. ही शाखा पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, स्थापन झाली होती. १९१९ मध्ये ती बंद करण्यात आली आणि १९३९ मध्ये पुन्हा सुरू झाली. संदेशवहन, लेखनिकाचे काम, वाहनचालन, स्वयंपाक, यंत्रांची देखभाल अशी किनाऱ्यावरची कामे स्त्रियांनी सांभाळायची आणि त्या कामांवरील पुरुषांना जहाजांवर पाठवायचे, हा तिचा मुख्य हेतू होता. १९४४ मध्ये या शाखेत सुमारे ७४,००० स्त्रिया काम करीत होत्या.

या सेवेत असताना बेटी यांचे काही काळ भारतात वास्तव्य होते. तेथेच त्यांची जॅक थॉमस यांच्याशी भेट झाली. युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, त्यांचा विवाह झाला. लहान शहरात आजीच्या सोबतीने वाढलेल्या मुलीसाठी घरापासून इतक्या दूरचा हा प्रवास म्हणजे जगाचा पहिला मोठा परिचय होता.

संसार आणि हलाखीची वर्षे

आजीने मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या पैशातून बेटी यांनी लंडनमध्ये घर घेतले. पुढे हे कुटुंब लंडनच्या ईशान्येकडील एपिंग फॉरेस्टच्या परिसरात राहावयास गेले. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. दुसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर थोड्याच काळात पतिपत्नी विभक्त झाले आणि त्यांचा घटस्फोट झाला.

त्या काळातील इंग्लंडमध्ये घटस्फोट आजच्याइतका सर्वसामान्य नव्हता. १९६९ चा सुधारित कायदा १९७१ पासून अमलात आला. त्यापूर्वी घटस्फोटासाठी पतिपत्नींपैकी एकाचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे. घटस्फोटित स्त्रीकडे समाज संशयाने पाही. बेटी यांनाही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अशा वागणुकीचा अनुभव आला. दोन लहान मुलांचा सांभाळ त्यांना एकटीने करावा लागला. पैशांची चणचण कायमची होती. टपाल वाटण्यापासून दुकानात माल विकण्यापर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. ही परिस्थिती वर्ष-दोन वर्षांची नव्हती. तारुण्याचा उत्तरार्ध आणि चाळिशीचे संपूर्ण दशक याच धडपडीत गेले.

हौशी रंगभूमी आणि नाट्यप्रशिक्षण

या वर्षांतही त्यांनी अभिनय सोडला नाही. दिवसभर नोकरी व घर आणि उरलेल्या वेळेत नाटकाच्या तालमी, असा त्यांचा क्रम होता. पश्चिम लंडनमधील गेटवे थिएटर या छोट्या नाट्यगृहाशी त्या जोडल्या गेल्या. हौशी कलावंत म्हणून तेथे त्यांनी अनेक भूमिका केल्या.

नंतर त्या चार्ल्स मॅरोविट्झ या अमेरिकी दिग्दर्शकाच्या गटात सामील झाल्या. मॅरोविट्झ हे त्या काळी लंडनच्या प्रायोगिक रंगभूमीवरील महत्त्वाचे नाव होते. १९६४ मध्ये पीटर ब्रूक यांच्यासह त्यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी 'थिएटर ऑफ क्रुएल्टी' हा गाजलेला प्रयोगप्रकल्प केला होता. त्यांच्या गटात लिखित संहितेवर विसंबून न राहता उत्स्फूर्तपणे प्रसंग उभे करण्याचा सराव होत असे. एखादी परिस्थिती दिली जाई. नटांनी आपापल्या पात्राच्या स्वभावाप्रमाणे त्या परिस्थितीत वागायचे व बोलायचे असे. ठरलेले संवाद नसल्यामुळे समोरचा नट काय म्हणतो हे नीट ऐकणे अपरिहार्य ठरे. हे शिक्षण पुढे स्मिथ यांच्या फार उपयोगी पडले.

सुट्ट्यांच्या मोसमात त्यांनी बटलिन्सच्या शिबिरांमध्येही नाटके केली. बटलिन्स ही कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी समुद्रकिनारी स्वस्त सुट्टीची सोय करणारी संस्था होती. राहणे, जेवण व करमणूक यांचा खर्च एकत्रित असे आणि शिबिराच्या आवारातच नाट्यगृह असे. अशा ठिकाणी येणारा प्रेक्षक मुलाबाळांसह येतो आणि कंटाळला तर सरळ उठून जातो. त्याला बसवून ठेवण्यासाठी विनोदाची वेळ अचूक साधावी लागते.

'ब्लीक मोमेंट्स': कारकिर्दीची सुरुवात

१९७० च्या नाताळच्या हंगामात बेटी या लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील 'हॅम्लीज' या प्रसिद्ध खेळण्यांच्या दुकानात विक्रेतीचे काम करीत होत्या. त्याच सुमारास माइक ली हा तरुण दिग्दर्शक आपल्या पहिल्या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होता. उत्स्फूर्त पद्धतीने काम करू शकेल अशी मध्यमवयीन अभिनेत्री त्याला हवी होती. अशी अभिनेत्री सहज मिळण्याजोगी नव्हती. ही पद्धत तेव्हा ब्रिटनमध्ये नवी होती आणि तिच्यात रुळलेले बहुतेक नट तरुण होते. मॅरोविट्झ यांच्या गटातील सरावामुळे बेटी या गरजेला नेमक्या पात्र ठरल्या. लिझ स्मिथ या नावाने त्यांच्या व्यावसायिक कारकिर्दीचा आरंभ याच चित्रपटापासून मानला जातो.

माइक ली यांची कार्यपद्धती नेहमीपेक्षा वेगळी आहे. चित्रीकरणाआधी लेखी संहिता नसते. दिग्दर्शक प्रत्येक नटाबरोबर स्वतंत्रपणे बसून त्याच्या पात्राचे पूर्वायुष्य घडवतो. नंतर पात्रे एकमेकांसमोर आणली जातात आणि दीर्घ तालमींमधून प्रसंग व संवाद निश्चित होतात. त्यामुळे नटाला स्वतःच्या निरीक्षणाची आणि अनुभवाची शिदोरी वापरावी लागते.

'ब्लीक मोमेंट्स' (१९७१) या चित्रपटात दक्षिण लंडनमधील सिल्व्हिया या तरुणीची कथा आहे. ती कार्यालयात नोकरी करते आणि मतिमंद बहिणीचा सांभाळ करते. माणसांना एकमेकांशी बोलायचे असते, पण बोलता येत नाही, हा चित्रपटाचा विषय. स्मिथ यांनी यात सिल्व्हियाच्या मैत्रिणीच्या आईची भूमिका केली. १९७२ च्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला 'गोल्डन लेपर्ड' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

'हार्ड लेबर'

बीबीसीच्या 'प्ले फॉर टुडे' या नाट्यमालेसाठी माइक ली यांनी केलेला 'हार्ड लेबर' हा दूरचित्रपट मार्च १९७३ मध्ये प्रसारित झाला. यात स्मिथ यांना मध्यवर्ती भूमिका मिळाली. मिसेस थॉर्नली ही मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड येथील कामगार कुटुंबातील कॅथलिक गृहिणी आहे. तिचा नवरा रात्रपाळीचा पहारेकरी आहे. ती स्वतःच्या घरातले सगळे काम करते आणि पैशांसाठी एका सुस्थितीतील बाईच्या घरी झाडलोट व धुणीपुसणी करते. घरातले कोणी तिच्याशी धड बोलत नाही. नवरा खेकसतो, मुले गृहीत धरतात, मालकीण सूचना देते.

या भूमिकेत बोलणे अत्यल्प आहे. मिसेस थॉर्नली तक्रार करीत नाही, रडत नाही. ती पुसते, घासते, वाढते, ऐकते. अखेरीस ती चर्चमध्ये पापनिवेदनासाठी जाते. आयुष्यभर इतरांसाठी राबलेल्या या बाईला वाटणारे पाप असे असते की, आपण माणसांवर पुरेसे प्रेम करीत नाही. प्रेक्षकाला या क्षणी जे कळते ते कथेतील एकाही पात्राला कळत नाही. स्मिथ यांचे या भूमिकेतील काम पाहिल्यावर त्यांना केवळ विनोदी अभिनेत्री म्हणणे अपुरे वाटते.

'हार्ड लेबर' प्रसारित झाला तेव्हा स्मिथ ५१ वर्षांच्या होत्या. एकटीने मुले वाढवणे, मिळेल त्या कामावर जाणे, दुसऱ्यांच्या नजरेतील उपेक्षा सोसणे या गोष्टी त्यांना अभ्यासाने मिळवाव्या लागल्या नव्हत्या.

दूरचित्रवाणी व चित्रपट (१९७५ ते १९९०)

यानंतर स्मिथ यांना सातत्याने काम मिळू लागले. पीटर टिनिसवुड यांनी लिहिलेल्या 'आय डिडन्ट नो यू केअर्ड' (१९७५–७९) या बीबीसीच्या विनोदी मालिकेत त्यांनी मिसेस ब्रँडन ही भूमिका केली. उत्तर इंग्लंडमधील एका कुटुंबाचा उदास, तिरकस विनोद हा या मालिकेचा विशेष होता.

कॅरेल राइश दिग्दर्शित 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन' (१९८१) या चित्रपटात त्या मिसेस फेअर्ली या पात्राच्या भूमिकेत होत्या. चार्ल्स डिकन्स यांच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कथेतील मिसेस डिल्बर हे पात्र त्यांनी दोन वेळा साकारले. १९८४ च्या रूपांतरात जॉर्ज सी. स्कॉट आणि १९९९ च्या रूपांतरात पॅट्रिक स्ट्यूअर्ट हे कंजूष स्क्रूजच्या भूमिकेत होते. स्क्रूजला भविष्याचे दर्शन घडते तेव्हा त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातील वस्तू उचलून विकणाऱ्या कामकरी बायकांचा प्रसंग येतो. त्या प्रसंगातील निर्ढावलेला विनोद स्मिथ यांनी दोन्ही वेळा रंगवला.

'हाय स्पिरिट्स' (१९८८) या चित्रपटात त्यांनी पीटर ओ'टूल यांच्या आईची भूमिका केली. 'अपार्टमेंट झीरो' (१९८८) मध्ये ब्यूनस आयर्स येथे राहणाऱ्या दोन इंग्रज वृद्धांपैकी एक त्या होत्या. पीटर ग्रीनवे यांच्या 'द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर' (१९८९) या चित्रपटातही त्यांनी भूमिका केली.

'अ प्रायव्हेट फंक्शन'

स्मिथ यांची चित्रपटातील सर्वांत गाजलेली भूमिका 'अ प्रायव्हेट फंक्शन' (१९८४) मधील आहे. चित्रपटाची पटकथा ॲलन बेनेट यांची आणि दिग्दर्शन माल्कम मोब्रे यांचे होते. कथा १९४७ सालच्या यॉर्कशायरमधील एका लहान गावात घडते. महायुद्ध संपले असले तरी ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे शिधावाटप चालूच होते. मांस शिधापत्रिकेवर आणि अल्प प्रमाणात मिळे. राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहानिमित्त गावातील प्रतिष्ठित मंडळी मेजवानीचा बेत आखतात आणि त्यासाठी बेकायदा एक डुक्कर पाळतात. गावात नव्याने आलेला, लोकांच्या पायांवर उपचार करणारा गिल्बर्ट (मायकेल पेलिन) आणि त्याची महत्त्वाकांक्षी पत्नी जॉइस (मॅगी स्मिथ) यांच्या घरात ते डुक्कर येऊन पोहोचते.

लिझ स्मिथ यांनी जॉइसच्या वृद्ध आईची भूमिका केली. ही म्हातारी सतत भुकेलेली आहे आणि सतत धास्तावलेली आहे. घरात काहीतरी चालले आहे हे तिला समजते, पण काय ते कोणी सांगत नाही. आपल्याला आता कुठेतरी धाडून देणार, अशी भीती तिच्या मनात घर करून असते. प्रेक्षक तिच्या गैरसमजांवर हसतो. त्याच वेळी परावलंबी म्हातारपणाचे भयही त्याला दिसते.

या चित्रपटातील मायलेकी पडद्यावर खऱ्या वाटतात. प्रत्यक्षात मॅगी स्मिथ यांचा जन्म १९३४ चा, म्हणजे दोघींच्या वयात केवळ १३ वर्षांचे अंतर होते. या चित्रपटासाठी मॅगी स्मिथ यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, डेनहम एलियट यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा आणि लिझ स्मिथ यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. हॅम्लीजमधील नोकरीनंतर सुमारे चौदा वर्षांनी मिळालेला हा सन्मान होता.

'द व्हिकार ऑफ डिब्ली'

१९९४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने प्रथमच स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी बीबीसीवर 'द व्हिकार ऑफ डिब्ली' ही विनोदी मालिका सुरू झाली. डिब्ली या काल्पनिक खेड्यात जेराल्डिन (डॉन फ्रेंच) ही स्त्री धर्मगुरू म्हणून येते आणि तेथील विक्षिप्त गावकऱ्यांशी तिचे नाते जुळते, अशी तिची कल्पना होती.

स्मिथ यांनी यात लेटिशिया क्रॉप्ली ही गावातील वृद्ध स्त्री साकारली. लेटिशियाला नवनवे पदार्थ करून लोकांना खिलवण्याची हौस असते. मात्र त्यांत ती कशात काय घालील याचा नेम नसतो. ती ताटली पुढे करते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शुद्ध वात्सल्य असते. पदार्थ वाईट आहे याची तिला पुसटशीही कल्पना नसते. विनोद याच निरागसपणातून निर्माण होतो.

१९९६ च्या ईस्टर विशेष भागात लेटिशियाचा मृत्यू दाखवण्यात आला. पाश्चात्त्य प्रथेनुसार ईस्टरच्या दिवशी ससा येऊन मुलांसाठी अंडी ठेवून जातो, असे मानले जाते. डिब्लीत वर्षानुवर्षे सशाच्या वेषात घरोघरी अंडी ठेवणारी व्यक्ती लेटिशियाच होती, हे मृत्युशय्येवर उलगडते. आपल्यामागे हे काम कोणीतरी चालू ठेवावे, ही तिची अखेरची इच्छा असते. तिने हीच विनंती अनेकांना केलेली असल्यामुळे त्या रात्री सशाच्या वेषातील गावकरी एकमेकांसमोर येतात. मालिकेतील लक्षात राहिलेल्या भागांत याची गणना होते.

'द रॉयल फॅमिली'

कॅरोलिन अहर्न आणि क्रेग कॅश यांनी निर्माण केलेली 'द रॉयल फॅमिली' ही मालिका १९९८ मध्ये बीबीसीवर सुरू झाली. मँचेस्टरमधील एका कामगार कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत ती जवळजवळ संपूर्ण घडते. माणसे दूरचित्रवाणी संचासमोर बसलेली असतात, चहा पितात आणि किरकोळ विषयांवर बोलतात. विनोदी मालिकांत तेव्हा सर्रास वापरला जाणारा प्रेक्षकांच्या हास्याचा आवाज या मालिकेत नव्हता. मोठी घटना अशी क्वचितच घडे. सारा भार संवादातील विरामांवर आणि नटांच्या चेहऱ्यांवर होता.

या मालिकेत स्मिथ यांनी नॉर्मा स्पीकमन म्हणजेच 'नॅना' ही भूमिका केली. नॅना ही घरातील गृहिणी बार्बरा (स्यू जॉन्स्टन) हिची आई. ती लाडकी आहे आणि वैतागवाणीही आहे. तिला स्वतःच्या तब्येतीची चर्चा करायला आवडते. आपण भोळे आहोत असे दाखवून ती हवे ते पदरात पाडून घेते. जावई जिम (रिकी टॉमलिन्सन) आणि ती यांची कुरबुर मालिकाभर चालते. आपल्याकडील एकत्र कुटुंबातही अशी आजी सहज भेटते. म्हणूनच परक्या संस्कृतीतील हे पात्र मराठी प्रेक्षकालाही अनोळखी वाटत नाही.

२९ ऑक्टोबर २००६ रोजी 'द क्वीन ऑफ शीबा' हा विशेष भाग प्रसारित झाला. त्यात नॅना आजारी असून तिचा पलंग बैठकीच्या खोलीतच मांडलेला आहे. कुटुंबाचे नेहमीचे निरर्थक बोलणे तिच्या पलंगाभोवती चालू राहते आणि त्यातूनच तिच्याविषयीची माया प्रकट होते. बार्बरा आईचे केस विंचरते, आवरते, तिच्याशी बोलते. भागाच्या अखेरीस नॅनाचा मृत्यू होतो. स्मिथ तेव्हा ८४ वर्षांच्या होत्या. मृत्यूचा विषय असूनही विनोद न सोडणारा हा भाग २००७ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेच्या बाफ्टा पुरस्काराचा मानकरी ठरला. याच भूमिकेसाठी स्मिथ यांना २००७ मध्ये ब्रिटिश कॉमेडी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

उत्तरकाळ

ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही स्मिथ यांचे काम कमी झाले नाही. टिम बर्टन दिग्दर्शित 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' (२००५) या चित्रपटात त्यांनी चार्लीची आजी जॉर्जिना ही भूमिका केली. चार्लीचे चारही आजी-आजोबा एकाच पलंगावर झोपून असतात. त्यांतील विसराळू, आपल्याच तंद्रीत असलेली आजी ती ही. याच वर्षीच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट: द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' या ॲनिमेशनपटात त्यांनी मिसेस मल्च या पात्राला आवाज दिला. 'लार्क राइज टू कँडलफर्ड' (२००८) या बीबीसीच्या मालिकेत त्या झिला या वृद्ध मोलकरणीच्या भूमिकेत दिसल्या.

२००६ मध्ये त्यांचे 'अवर बेटी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कारकीर्द लिझ स्मिथ या नावाने झाली असली, तरी पुस्तकाला त्यांनी बालपणीच्या घरगुती नावाचे शीर्षक दिले. उत्तर इंग्लंडच्या बोलीत घरच्या माणसाचा उल्लेख करताना नावाआधी 'अवर' म्हणजे 'आमचा' किंवा 'आमची' असा शब्द लावतात. 'आमची बेटी' या शीर्षकात ती आपुलकी आहे. आईविना वाढलेल्या आणि वडिलांनी सोडून दिलेल्या मुलीच्या आत्मचरित्राचे हे नाव आहे, हे ध्यानात घेतल्यास त्याचा अर्थ अधिक जाणवतो.

२००९ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी अभिनयातून निवृत्ती जाहीर केली. नाट्यकलेच्या सेवेबद्दल २००९ मध्येच त्यांना 'एमबीई' हा ब्रिटिश शासकीय सन्मान देण्यात आला. २४ डिसेंबर २०१६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'द रॉयल फॅमिली'च्या निर्मात्या कॅरोलिन अहर्न यांचे निधन त्याच वर्षी जुलैमध्ये झाले होते.

अभिनयाची वैशिष्ट्ये

स्मिथ यांच्या भूमिकांतील वृद्ध स्त्रिया बाह्यतः सारख्या भासतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून पुष्कळ भिन्न आहेत. मिसेस थॉर्नली मूकपणे सोसणारी आहे, जॉइसची आई धास्तावलेली आहे, लेटिशिया निरागस आहे, तर नॅना धूर्त आहे. या सर्व स्त्रियांमध्ये एक समान सूत्र आहे. घरातील व गावातील माणसे त्यांना गृहीत धरतात, त्यांचे बोलणे अर्धवट ऐकतात. स्मिथ यांनी विनोदासाठी या पात्रांची टर उडवली नाही. पात्राला आपले म्हणणे पूर्णपणे गंभीर वाटते, अशा रीतीने त्या बोलत. हसू येते ते प्रेक्षकाला, पात्राला नव्हे.

त्यांचा आवाज किंचित कापरा व उत्तरेकडील हेलाचा होता. डोळे मोठे व बोलके होते. वाक्य संपल्यावर नजर क्षणभर समोरच्यावर रोखून ठेवणे ही त्यांची लकब अनेक भूमिकांत दिसते.

उशिरा सुरू झालेल्या कारकिर्दींची परंपरा

अभिनयक्षेत्रात उशिरा प्रवेश करणाऱ्या किंवा उतारवयात नावारूपास येणाऱ्या स्त्रियांची अन्य उदाहरणेही आढळतात. ब्रिटिश अभिनेत्री मार्गारेट रदरफर्ड यांनी १९२५ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. अमेरिकेतील कॅथरिन जूस्टन या मनोरुग्णांच्या परिचारिका होत्या. चाळिशीनंतर त्या अभिनयाकडे वळल्या आणि 'डेस्परेट हाउसवाइव्ह्ज' या मालिकेसाठी त्यांना दोन वेळा एमी पुरस्कार मिळाला. भारतात सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) मधील इंदिर ठाकरुण साकारणाऱ्या चुनीबाला देवी यांचा उल्लेख करता येईल. त्यांनी तरुणपणी काम केले होते. परंतु त्यांची खरी ओळख दीर्घ खंडानंतर, अतिवृद्धपणी केलेल्या या भूमिकेने झाली.

स्मिथ यांचे उदाहरण यांत विशेष ठरते ते कारकिर्दीच्या लांबीमुळे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आरंभ करूनही त्यांना सुमारे ३८ वर्षे काम करता आले. मात्र याला निव्वळ दैवयोग म्हणता येत नाही. माइक ली यांचे बोलावणे आले त्यापूर्वी अनेक वर्षे, कोणतीही शाश्वती नसताना, त्या नोकरी सांभाळून तालमींना जात होत्या. संधी १९७० मध्ये आली. तिची तयारी त्यांनी त्याआधीच केलेली होती.

निवडक भूमिका

चित्रपट
* १९७१ – ब्लीक मोमेंट्स
* १९८१ – द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन (मिसेस फेअर्ली)
* १९८४ – अ प्रायव्हेट फंक्शन (जॉइसची आई)
* १९८८ – हाय स्पिरिट्स (मिसेस प्लंकेट)
* १९८८ – अपार्टमेंट झीरो
* १९८९ – द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर
* २००५ – चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी (आजी जॉर्जिना)
* २००५ – वॉलेस अँड ग्रॉमिट: द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट (आवाज)

दूरचित्रवाणी
* १९७३ – हार्ड लेबर (मिसेस थॉर्नली)
* १९७५–७९ – आय डिडन्ट नो यू केअर्ड (मिसेस ब्रँडन)
* १९८४ व १९९९ – अ ख्रिसमस कॅरल (मिसेस डिल्बर)
* १९९४–९६ – द व्हिकार ऑफ डिब्ली (लेटिशिया क्रॉप्ली)
* १९९८–२०००, २००६ – द रॉयल फॅमिली (नॅना)
* २००८ – लार्क राइज टू कँडलफर्ड (झिला)

पुरस्कार व सन्मान
* बाफ्टा, सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री – अ प्रायव्हेट फंक्शन
* २००७ – ब्रिटिश कॉमेडी पुरस्कार, सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्री – द रॉयल फॅमिली
* २००९ – एमबीई